तासाभरावरचं अलिबाग

मुंबईत घोड्यांची ट्राम जाऊन विजेची ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त काळजीत पडली ती कुलाब्याची वेधशाळा. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. शेजारून विजेच्या तारा गेल्या की त्या बिघडणार हे उघड होतं. संचालक नानाभाई मूस नव्या जागेच्या शोधाला लागले. जागा मुंबईपासून फार लांब नको, कारण जुन्या-नव्या नोंदींचा मेळ बसला पाहिजे; आणि इतकी जवळही नको की मुंबईची वीज तिथे पोचेल. अशी जागा मिळाली अलिबागला, समुद्राच्या कडेला. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या. इमारतीत लोखंड चालणार नव्हतं, म्हणून पोरबंदरचा दगड आणला. दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुळवून पाहिल्या, आणि मग कुलाब्याचं चुंबकीय काम थांबवलं.

मुंबईजवळ असून मुंबईबाहेर असणं हा अलिबागचा सगळ्यात मोठा गुण. तो असा १९०४ मध्येच सरकारदफ्तरी नोंदला गेला. त्यानंतर अलिबागमध्ये जे जे खपलं, हवापालटाच्या खोलीपासून कोट्यवधींच्या बंगल्यापर्यंत, ते याच गुणाच्या जोरावर. आणि खपता खपता तो गुणच संपत आला.

गेटवेवरून सरळ रेघ मारली तर अलिबाग तीसेक किलोमीटर. रस्त्याने मात्र शंभराच्या आसपास, कारण मध्ये खाडी आहे. माझ्या लहानपणी गिरगाव-दादरच्या माणसासमोर दोन वाटा असत. एस.टी.ने पनवेल, पेण, वडखळ, धरमतर करत कार्ले खिंड उतरायची, किंवा भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला जाऊन तिथून पुढे एस.टी. धरायची. मांडव्याची लाँच होती, पण ती पावसाळ्यात बंद. थोडक्यात, अलिबागला कधी पोचायचं हे आपल्या हातात नसे आणि तिथे काय करायचं हेही नसे. अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात जायचं तर ओहोटी हवी. ओहोटी कधी, हे घोडागाडीवाल्याला विचारायचं, आणि तो तिथी विचारून सांगायचा. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिच्या सहा तास पुढे-मागे ओहोटी. चतुर्थीला सकाळी नवाच्या सुमाराला पाणी उतरतं, अष्टमीला भर दुपारी बाराला. हा हिशेब मिनिटाला बरोबर नसतो, पण गाडी पाण्यात घालायला पुरतो. चाकाच्या आसापर्यंत पाणी, घोडा मान वर काढून चाललाय, आणि गाडीवान पाण्याकडे न बघता मागे वळून किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाची माहिती सांगतोय, हे दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांना अलिबाग आठवतं ते असं. घोडागाड्या अजून आहेत. तिथी मात्र आता कुणी विचारत नाही, वेळ मोबाइलवर दिसते.

त्या दिवसांबद्दल हळहळणारा माणूस बहुतेक मुंबईकर असतो. अलिबागच्या माणसाला विचारलं तर त्याच्या आठवणी वेगळ्या निघतात. रात्री बाळंतीण अडली तर मुंबई गाठायची कशी, ही त्याची आठवण. कॉलेजसाठी मुंबईत नातलगाच्या खोलीत पडून राहणं, ही त्याची आठवण. आणि एक आठवण तर घराघरात जपलेली. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत, काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं आणि रेवसपासून रेवदंड्यापर्यंत गावोगाव सुतक होतं. ज्याला आपण समुद्रप्रवासाची मौज म्हणतो ती त्या किनाऱ्याने अशीही भोगली आहे. तेव्हा जुनं अलिबाग चांगलं होतं असं म्हणताना ते कुणाला चांगलं होतं, हे आधी ठरवायला हवं.

‘अलिबागसे आया है क्या?’ हा मुंबईचा टोमणा त्याच अंतरातून आला. समोरचा माणूस भाबडा आहे, त्याला काही कळत नाही, हे सांगायला खाडीपलीकडचं गाव सोयीचं पडलं. या टोमण्यावर बंदी घालावी म्हणून एका अलिबागकराने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. २०१९ च्या जुलैमध्ये न्यायालयाने ती फेटाळली. असे विनोद प्रत्येक समाजावर होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर होता. निकाल योग्यच म्हणायचा. गंमत अशी की त्याच सुमाराला मुंबईतल्या श्रीमंतांच्या पार्टीत आपण अलिबागहून आलो, हे सांगण्यात मोठेपणा वाटायला लागला होता. मांडव्याचंही तसंच. १९९० च्या ‘अग्निपथ’मध्ये मांडवा म्हणजे विजय दीनानाथ चौहानचं उपेक्षित खेडं. आज त्या धक्क्यावर स्पीडबोटी लागतात आणि कॉफी शहरातल्या भावाने मिळते.

बंगले आजकालचे आहेत असं मात्र नाही. मुंबईच्या सुखवस्तू कुटुंबांची अलिबागजवळच्या किहीमला घरं होती ती एकोणिसाव्या शतकापासून. १९३० मध्ये पक्षितज्ज्ञ सलीम अली जर्मनीहून शिकून परतले तेव्हा हाताला नोकरी नव्हती. ते पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमच्या घरी येऊन राहिले. पावसाळ्यात आजूबाजूला सुगरणींनी घरटी बांधायला घेतली आणि त्यांना उद्योग मिळाला. शिडीला आडोसा करून ते तासन् तास बसत. घरटं नर बांधतो, अर्धवट झालं की मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर राहते, आणि मग तोच नर दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं बांधायला घेतो, हे त्यांनी तिथे टिपलं. भारतीय पक्षिशास्त्रातला एक महत्त्वाचा अभ्यास असा बेकारीतून आणि किहीमच्या निवांतपणातून झाला.

तेव्हाचा बंगलेवाला वाडीत राहायचा. माड, पोफळी, आंबा, मध्ये कौलारू घर. बाहेरून कळायचंही नाही. आताच्या बंगल्याला समुद्र काचेतून दिसावा लागतो. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आतल्या बांधकामांवर निर्बंध घालणारी अधिसूचना १९९१ ची आहे, आणि अलिबाग तालुक्यातल्या बेकायदा बंगल्यांची प्रकरणं वर्षानुवर्षं न्यायालयात आहेत. नीरव मोदीचा किहीमचा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला गेला, कारण यंत्रांना त्याचे खांब दाद देईनात. कारवाई झाली ती तो देश सोडून पळाल्यावर आणि त्याचं नाव बदनाम झाल्यावर. बाकीच्यांचं नाव अजून चांगलं आहे.

पण अलिबागचा खरा बदल किनाऱ्यावर दिसत नाही. त्यासाठी आत, खाऱ्या जमिनींच्या पट्ट्यात, म्हणजे खारेपाटात जावं लागतं. चरी आणि आसपासच्या २५ गावांतल्या कुळांनी १९३३ मध्ये खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीला आले, आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं शेतं पडीक ठेवणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात दुसरं उत्पन्न नाही त्यालाच कळेल. त्याच साली कुळांना संरक्षण देणारा कायदा आला, पुढे १ एप्रिल १९५७ ला कसेल त्याची जमीन झाली. अलिबागच्या आगऱ्याच्या सातबाऱ्यावर जे नाव लागलं ते असं, आज्या-पणज्याच्या उपासमारीवर.

आज तो सातबारा एजंटच्या मोबाइलमध्ये फोटो होऊन फिरतो. कूळकायद्याचं कलम ६३ सांगतं की शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी हवा. म्हणून मुंबईतल्या भल्याभल्यांना कुठल्या ना कुठल्या गावचा शेतकरी असल्याचा दाखला लागतो. ज्या कायद्याने कसणाऱ्याला जमीन दिली, त्याच कायद्याची अट पुरी करून ती न कसणाऱ्याकडे चालली आहे. विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. समुद्राचा बांध फुटून खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं आणि काही वर्षं भात होत नाही; बांध वेळेवर बांधून मिळत नाही; मुलगा एखाद्या कंपनीत कंत्राटावर. थळचा खताचा कारखाना १९८५ च्या सुमाराला सुरू झाला तेव्हा नोकऱ्यांची जी आशा होती, ती काही थोड्या घरांपुरतीच फळली. अशा वेळी कुणी गुंठ्याला लाखांत भाव सांगितला तर माणूस ‘पणज्याने संप केला होता’ म्हणून नाही म्हणत नाही. उरलेल्या शेतांच्या कडेच्या तळ्यात जिताडा मासा अजून मिळतो, थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी भांबुर्ड्याच्या पाल्यात अजून शिजते. पण पोपटी आता पर्यटकांसाठी आगाऊ नोंदणी घेऊनही लावतात, आणि ती मडक्यापेक्षा फोटोत जास्त चांगली लागते.

पाण्याची गोष्ट अशीच न दिसणारी. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यात घराघराला वाडी आणि वाडीला विहीर. विहिरीवर रहाट. बैल किंवा रेडा गोल फिरायचा, मातीची गाडगी खाली जायची, भरून वर यायची आणि पन्हळीत रिकामी व्हायची. प्रत्येक गाडगं थोडं गळायचं, म्हणजे थोडं पाणी परत विहिरीतच. त्याची कुरकुर पहाटे ऐकलेली माणसं त्याबद्दल फार हळवं बोलतात. मला त्या कुरकुरीपेक्षा त्यातलं शास्त्र मोठं वाटतं. समुद्राकाठच्या वाळूत गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं आणि खालून खारं पाणी असतं. रहाट वरवरचं पाणी सावकाश उपसायचा, तेवढं रात्रीत भरून यायचं. पंपाने एकदम उपसा केला की गोड्या पाण्याचा थर पातळ होतो आणि खालचं खारं वर चढतं. एका वाडीला जे पाणी पुरत होतं त्यावर आता दहा खोल्या, त्यांचे शॉवर आणि निळ्या फरश्यांची पोहण्याची टाकी. समुद्र दोनशे पावलांवर असताना पोहण्याची टाकी लागते, आणि ती नसेल तर खोली जात नाही, असं मालकच सांगतात.

त्यात ३ जून २०२० आला. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं आणि काही तासांत पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं झाड लावल्यापासून उत्पन्न सुरू व्हायला सहा-सात वर्षं जातात. खोली बांधली तर पुढच्या मे महिन्यात भाडं येतं. मोकळ्या झालेल्या जागेत मालकाने काय करावं, हे सांगायला गणित यावं लागत नाही.

अलिबागच्या आठवणीवर सगळ्यात मोठा हक्क मला वाटतो तो बेने इस्रायली ज्यूंचा. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून त्यांचे पूर्वज आले अशी त्यांची परंपरा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगाव ते शनवार तेली. अलिबागच्या इस्रायल आळीत त्यांचं सिनेगॉग आहे. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, मराठी बरोबर घेऊन. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिकडे काढलं. त्यांची मुलं-नातवंडं आजही येतात. किनाऱ्यावर जेट-स्कीला रांग लागलेली असते तेव्हा ही माणसं अलिबागजवळच्या खंडाळे गावाच्या बाजूला असलेल्या एका खडकापाशी जातात. एलियाहू हानबी म्हणजे एलियाह प्रेषित तिथून स्वर्गात गेला आणि त्याच्या घोड्याच्या टापा खडकावर उमटल्या, अशी त्यांची श्रद्धा आहे. अलिबाग बदललं म्हणून ते कुणावर रागावत नाहीत. त्यांना फक्त आजोबांचं घर कुठे होतं ते बघायचं असतं.

त्याच खंडाळे-कार्ले-नेहुलीच्या शेतांत भात कापल्यावर पांढरा कांदा लावतात. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. फेब्रुवारी-मार्चनंतर रस्त्याच्या कडेला बायका पातीसकट माळा विणताना दिसतात. मोठा कांदा खाली, लहान वर, बोटं थांबत नाहीत आणि नजर गाडीच्या नंबरप्लेटवर, कारण भाव त्यावरून ठरतो. चव गोडसर, कच्चा खाल्ला तर डोळ्यांत पाणी येत नाही. मानांकन गावांच्या मातीला आहे. ती माती बिगरशेती झाली की मानांकनाचा कागद तेवढा उरेल.

मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. गाडीत बसल्याबसल्या खाडी ओलांडायची, तासाभरात पलीकडे, आणि पावसाळ्यातही. काही दिवसांतच टाळेबंदी लागली, आणि ती सैल झाल्यावर मुंबईच्या ज्या घरांना दोन-दोन महिने बाहेर राहायला जागा हवी होती त्यांनी पहिली धाव इथे घेतली. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते न्हावा शेवा हा २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचं उद्घाटन झालं. आता राहिली ती करंजा आणि रेवस यांच्यामधली धरमतरची खाडी. तिच्यावरचा पूल अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे १९८०-८१ पासून चर्चेत आहे, आणि त्याचं काम आता हाती घेतलं आहे. पूल व्हायलाच हवा. रेवसच्या माणसाला मुंबईचा दवाखाना गाठायला चाळीस वर्षं थांबवलं हे काही भूषण नाही. फक्त त्यावरून सर्वात आधी कोण येणार याबद्दल अलिबागमध्ये कुणाच्या मनात शंका नाही. पुलाचे खांब पाण्यातून वर येण्याआधीच रेवस-मांडव्याकडच्या जमिनीचे भाव पूल धरून सांगितले जात आहेत.