आवाजाला येणारे खोकड

ऑस्ट्रेलियात लाल खोकड मूळचे नाही. एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेपायी युरोपातून ते व्हिक्टोरियात आणून सोडले. आज ते तिथल्या लहान वन्यप्राण्यांचा आणि मेंढ्यांच्या नवजात कोकरांचा मोठा शत्रू आहे. म्हणून शेतकरी विद्युत-भोंगा आणि रायफल घेऊन त्याच्या मागावर असतात.

भोंग्यातून जखमी सशाची किंकाळी वाजवतात. खोकडाचे कान तीक्ष्ण. आवाज कुठून आला हे ते अचूक ताडते. भुकेले किंवा नुकतेच आईपासून वेगळे झालेले पिल्लू थेट धावत येते. जाणते खोकड मात्र कानांवर विसंबत नाही. ते लांबून वळसा घेते, आवाजाच्या पलीकडे, वारा जिकडे वाहतो त्या अंगाला जाते आणि वास घेऊन खात्री करते. माणसाचा वास आला की पसार.

म्हणूनच भोंगा शिकाऱ्यापासून काही अंतरावर ठेवतात. खोकडाची नजर त्यावर खिळते, आणि त्याच्या वळशाची वाट शिकाऱ्याच्या टप्प्यात येते. ते थबकले की नेम धरायला क्षणभर मिळतो. गोळी हुकली, तर वाचलेले खोकड धडा घेते. तोच आवाज पुन्हा ऐकला तरी फिरकत नाही. त्यामुळे अनुभवी शिकारी आवाज आणि जागा बदलत राहतात.

भारतात मात्र 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने खोकडाच्या शिकारीला बंदी आहे.