टीव्हीवर ‘नो सिग्नल’? छत्री हलवण्याआधी या दोन पट्ट्या वाचा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातलं बरंचसं तसंच ठेवलंय.

पावसाळा लागला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. ‘ऐन मालिकेच्या वेळी नो सिग्नल येतं, काय करायचं?’ बऱ्याच घरांत याचं उत्तर ठरलेलं असतं: कुणीतरी पत्र्यावर चढायचं आणि छत्री हलवून बघायची. ओला पत्रा, शेजारून गेलेली विजेची तार, आणि हातात पाना. हे टाळता येतं. दोष साधारण कुठे आहे, ते खाली खोलीत बसूनच कळतं.

सिग्नल येतो कसा?

आपला उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहे. उदाहरणार्थ, डीडी फ्री डिश दिसतं ते ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-१५ वरून. तिथून येणाऱ्या अतिशय क्षीण लहरी छत्री गोळा करते आणि समोरच्या दांड्यावरच्या एलएनबीवर टाकते. एलएनबी त्या लहरी वाढवतो, त्यांची वारंवारता कमी करतो आणि वायरीतून खाली बॉक्सकडे पाठवतो.

आता महत्त्वाची गोष्ट. एलएनबीला चालायला वीज लागते, आणि ती त्याच वायरीतून बॉक्सकडून वर जाते, १३ किंवा १८ व्होल्ट. म्हणजे एकाच वायरीतून वीज वर जाते आणि चित्र खाली येतं. म्हणून वायर किंवा तिची पिन खराब झाली तर दोन्ही बिघडतं.

दोन पट्ट्या

बॉक्सच्या मेनूमध्ये सेटिंग किंवा सिस्टीम इन्फो असं काहीतरी असतं. तिथे दोन पट्ट्या दिसतात: सिग्नल स्ट्रेंथ आणि सिग्नल क्वालिटी. लोक पहिली बघतात आणि दुसरी सोडून देतात. खरी बातमी दुसरीत असते.

स्ट्रेंथ म्हणजे वायरीतून एकूण किती ‘आवाज’ येतोय ते. छत्री चुकीच्या दिशेला असली तरी बहुतेक बॉक्सवर ही पट्टी बरीच भरलेली दिसते, कारण एलएनबी स्वतःचा गोंगाटही खाली पाठवतो. क्वालिटी म्हणजे त्या गोंगाटातून आपल्या उपग्रहाचं बोलणं किती स्पष्ट कळतंय ते. आता वाचा:

१. दोन्ही शून्य किंवा जवळपास शून्य: वीज वर पोचत नाहीये किंवा एलएनबी गेलाय. आधी वायर आणि पिना बघा. छत्रीला हात लावू नका.

२. स्ट्रेंथ चांगली, क्वालिटी शून्य: एलएनबीला वीज मिळतेय, पण उपग्रह सापडत नाहीये. छत्री हलली असेल, समोर काही आडवं आलं असेल, किंवा वर जोरदार पाऊस चालू असेल.

३. काही चॅनल दिसतात, काही अजिबात नाहीत: १३ व्होल्टवर एक गट येतो, १८ वर दुसरा. त्यामुळे बॉक्स, वायर किंवा एलएनबी यांपैकी कुणाचातरी दोष असू शकतो.

४. दोन्ही पट्ट्या छान, तरी चित्र नाही: हा सिग्नलचा प्रश्नच नाही. रिचार्ज, कार्ड किंवा चॅनलचा पॅक तपासा.

पाऊस आणि ऊन

या लहरींची लांबी साधारण अडीच सेंटिमीटर. मोठ्या थेंबांचा दाट पाऊस त्यांना शोषतो आणि विखुरतो. मुसळधार सरीत दहा-वीस मिनिटं चित्र गेलं तर ते स्वाभाविक आहे, थांबा. पण साध्या रिमझिमीतही जात असेल तर मूळ क्वालिटीच काठावर आहे. डिजिटल चित्राचं असंच असतं. काठापर्यंत ते स्वच्छ दिसतं, मग चौकोन पडतात आणि एकदम जातं. म्हणून कोरड्या दिवशीची क्वालिटी एकदा लिहून ठेवा.

दुसरी गंमत उन्हाची. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. आपल्याकडे दुपारी बाराच्या मागेपुढे, काही मिनिटं, स्वच्छ आकाश असताना चित्र जातं आणि आपोआप येतं. त्यावर काहीच करायचं नसतं.

हाताने काय तपासायचं

सर्वांत आधी बॉक्स भिंतीवरच्या बटणावरून बंद करा. चालू असताना पिन काढली आणि मधली तार जाळीला टेकली तर शॉर्ट होतो. मग बॉक्समागची पिन सोडवा. मधली तांब्याची तार चकचकीत हवी. काळी-हिरवी पडली असेल, किंवा जाळीचा एखादा केस तिला टेकला असेल, तर तेवढा तुकडा कापून नवी पिन लावा. एलएनबीकडच्या पिनेत पाणी शिरणं फार कॉमन, कोकणात तर गंज ठरलेलाच. तिथे वायर थोडी खाली झुकवून मग वर न्यावी, म्हणजे पाणी पिनेत न जाता झोलावरून ठिबकतं.

आमच्या गल्लीतल्या एका आजींना ‘बॉक्स गेलाय, नवा घ्या’ असं सांगून दुरुस्तीवाल्याने पैसे घेतले होते. नव्या बॉक्सवरही दोन्ही पट्ट्या शून्यच. दोष गच्चीवरच्या गंजलेल्या पिनेचा होता. आजींना कुणी आधी पट्ट्या दाखवल्या असत्या तर पेन्शनमधले पैसे वाचले असते.

छत्री खरंच हलली असेल तर

छत्री एक अंश जरी सरकली तरी तिथे वर रोख सहाशे किलोमीटरहून जास्त चुकतो. म्हणून अंदाजाने फिरवू नका. नट सैल करण्याआधी आत्ताच्या जागेवर मार्करने खूण करा. एक जण टीव्हीसमोर, फोनवर क्वालिटी सांगायला. केसभर सरकवा, चार-पाच सेकंद थांबा, मग पुढे.

महाराष्ट्रातून हे उपग्रह आग्नेयेकडे, बरेच उंच असतात. छत्री दिसते त्यापेक्षा पुष्कळ वर बघत असते, कारण एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो. समोरचा आंबा किंवा नवी पाण्याची टाकी आड येतेय का, हे ठरवताना ते लक्षात ठेवा. पावसात, वाऱ्यात, तारेजवळ किंवा एकट्याने चढू नका. ते काम माणूस बोलावूनच करा.

आणि माणूस बोलावलात तर ‘टीव्ही बंद आहे’ एवढंच सांगू नका. ‘स्ट्रेंथ इतकी, क्वालिटी शून्य, कालच्या वाऱ्यानंतर’ असं सांगा. समोरच्याला कळतं की या घरात बघून बोलतात. फ्री डिशवाल्यांना तर महिन्याचं बिल नाही तशी घरी येणारी कंपनीही नाही, त्यांना ही माहिती जास्तच उपयोगी.

आज टीव्ही नीट चालू असेल तर आत्ताच दोन्ही आकडे बघा आणि बॉक्सच्या पाठीवर चिकटवून ठेवा. बिघाड होईल त्या दिवशी तुलना करायला तेच हाताशी असतील. भेटू पुढच्या भागात!