पाच नंबरचा बिल्ला

२०१३ च्या ऑगस्टअखेरीस ‘फॉसिल’ नावाच्या सॉफ्टवेअरचा मुख्य साठाच बिघडला. फॉसिल म्हणजे प्रोग्रॅमच्या प्रत्येक बदलाची नोंद जपणारं साधन. ते लिहिलं डी. रिचर्ड हिप यांनी. तुमच्याआमच्या मोबाइलमध्ये बसलेला ‘एसक्यूलाइट’ डेटाबेसही त्यांचाच, आणि फॉसिलचा साठा राहतो तो एसक्यूलाइटच्याच फाइलमध्ये. ती फाइल बिघडवायला कोणी हॅकर आला नव्हता. ‘काहीतरी चुकलंय’ असं सांगणारा एक संदेश जिथे जायचा तिथे न जाता थेट डेटाबेसच्या फाइलमध्ये लिहिला गेला, तिथला मजकूर पुसून.

कसं झालं हे समजायला देवळाबाहेरचा चपलांचा स्टँड आठवा. चपला दिल्या की पत्र्याचा बिल्ला मिळतो. त्यावर तुमचं नाव नसतं, चपलेचं वर्णन नसतं, नुसता आकडा. युनिक्सच्या घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टीमही असंच करतात. प्रोग्रॅमने फाइल उघडायला सांगितली, की सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नेल, त्याच्या हाती एक छोटा आकडा ठेवतो. हाच फाइल डिस्क्रिप्टर. नेटवर्कवरचं कनेक्शन असलं तरी आकडाच मिळतो. नियम असा, की मोकळ्या आकड्यांतला सगळ्यांत लहान आधी द्यायचा. ०, १ आणि २ हे इनपुट, आउटपुट आणि चुकांचे संदेश यांच्यासाठी धरलेले असतात. पण तो रिवाज झाला. कर्नेलला ते आकडे इतरांसारखेच. फॉसिलच्या वेळी २ आधीच कुणीतरी चुकून बंद केला होता. मग डेटाबेस उघडला तेव्हा त्याला मोकळा पडलेला २ मिळाला, आणि संदेश लिहिणाऱ्या ओळीने सवयीप्रमाणे २ वर लिहिलं.

आता यात्रेला निघालेली दहा जणांची मंडळी घ्या, बिल्ले सगळ्यांचे एकाच पिशवीत. प्रोग्रॅममधले थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं, असेच एका पिशवीवर जगतात. काका ‘आपला पाच’ असं मनात धरून रांगेत उभे आहेत. पुतण्याला वाटलं काम झालं, त्याने पाचचा बिल्ला देऊन चपला सोडवल्या. पाठोपाठ आत्याबाईंनी चपला ठेवल्या आणि त्यांना पाचच मिळाला. काका खिडकीशी येऊन ‘पाच’ म्हणतात आणि आत्याबाईंच्या चपला घेऊन चालू लागतात! खोटं कुणी बोललं नाही, स्टँडवाल्याचंही काही चुकलं नाही. प्रोग्रॅममध्ये मात्र एका ग्राहकाचं उत्तर दुसऱ्याच्याच कनेक्शनवर गेलेलं असतं. आणि तपासायला बसावं, तर दहा वेळा चालवूनही सगळं सुरळीत.

थ्रेड चालवायच्या तऱ्हा दोन. एक कर्नेलला सांगून. दुसरी त्याला पत्ता लागू न देता, प्रोग्रॅममधल्याच लायब्ररीच्या, म्हणजे आयत्या कोडच्या, भरवशावर. दुसरी स्वस्त पडते. गो भाषेतला असा थ्रेड, गोरुटीन, अवघ्या २ किलोबाइटच्या स्टॅकवर, म्हणजे कामापुरत्या मेमरीवर, सुरू होतो, म्हणून असे लाखभरही पोसता येतात. पण कर्नेलला पत्ता नाही, हीच अडचणही. एका थ्रेडने कनेक्शनवर वाचायला घेतलं आणि समोरून काहीच आलं नाही, की कर्नेल त्याच्यासकट सगळ्या मंडळींना झोपवतो. म्हणून लायब्ररी मध्ये पडते. ती डिस्क्रिप्टरवर खूण करते, ‘काही नसेल तर थांबवू नकोस, लगेच सांग’, आणि उत्तर येईपर्यंत दुसऱ्या थ्रेडला पुढे करते.

इथे एक खोच आहे, मला तर ती सगळ्यांत मजेशीर वाटते. ही खूण बिल्ल्यावर होत नाही, चपला ठेवलेल्या खणावर होते. आणि त्या खणाचा बिल्ला दुसऱ्या प्रोग्रॅमकडेही असू शकतो. युनिक्सच्याच घराण्यातल्या फ्रीबीएसडीच्या जुन्या ‘लिबसी-आर’ लायब्ररीला हे सांभाळावं लागे. ती वापरणारा प्रोग्रॅम टर्मिनलवर ही खूण ठेवून मध्येच मेला, तर त्याच टर्मिनलवर शांतपणे वाट पाहणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला अचानक ‘आत्ता काही नाही’ असं उत्तर मिळायचं. त्यामुळे जाताना खुणा पुसायच्या, आणि कुठली खूण आपली, कुठली प्रोग्रॅमरने मुद्दाम केलेली, याचा हिशोब ठेवायचा, हेही तिच्याच गळ्यात. डिस्कवरच्या साध्या फाइलींवर तर ही खूण चालतच नाही.

पण प्रत्येक वाचन-लेखन आपल्याच हातून जातं, याचा लायब्ररीला फायदाही होतो: काका रांगेत आहेत हे तिला माहीत असतं. गो भाषेची लायब्ररी प्रत्येक डिस्क्रिप्टरमागे ६४ बिटांचा एक आकडा बाळगते. त्यातला एक बिट ‘बंद झालं’ सांगतो, २० बिट आत्ता किती जण वापरताहेत ते मोजतात. कुणी बंद करायला सांगितलं की आधी तो बिट लावायचा, नव्यांना दारातूनच परत पाठवायचं, वाट पाहत झोपलेल्यांना उठवून ‘बंद झालं’ म्हणून सांगायचं. कर्नेलला बिल्ला परत जातो तो शेवटचा माणूस हात झटकून बाहेर पडल्यावरच.

बंद करण्यातही सापळा आहे. लिनक्सवर ‘बंद कर’ म्हटलं आणि मध्येच सिग्नल, म्हणजे प्रोग्रॅमला हाक मारणारी सूचना, आल्यामुळे ‘काम अर्धवट राहिलं’ असं उत्तर आलं, तरी आकडा मोकळा झालेला असतो. सरळमार्गी प्रोग्रॅमर पुन्हा एकदा बंद करायला जातो, आणि तेवढ्यात तो आकडा मिळालेल्या शेजारच्या थ्रेडची फाइल मिटवतो. इथे आळशीपणाच बरा.

फॉसिलच्या त्या प्रकारानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एसक्यूलाइटची ३.८.१ ही आवृत्ती आली. डेटाबेससाठी तीनपेक्षा लहान आकडा मिळाला, तर ती तो घेत नाही. फाइल बंद करते, त्या जागी ‘डेव्ह नल’ उघडून ठेवते, म्हणजे ज्यात टाकलेलं सगळं नाहीसं होतं तो युनिक्सचा बिनबुडाचा रांजण, आणि पुन्हा प्रयत्न करते. पहिल्या तीन खणांत फाटक्या चपला ठेवायच्या, आणि चांगल्या त्यांच्या पुढच्या खणात.