चेन्नईची रात्रपाळी

चेन्नईतील बहुतेक रस्त्यांवर रात्री अकराच्या सुमारास दुकानांची शटर खाली येतात आणि पहाटे चार-साडेचारला चहाच्या टपऱ्यांवर पुन्हा दूध उकळू लागते. मधल्या पाच तासांत भाजी, फुले, मासे, दूध आणि वर्तमानपत्रे शहरात येतात आणि वाटली जातात. रात्रभर जागणारे शहर म्हटले की न्यूयॉर्क आठवते. तिथली भुयारी रेल्वे १९०४ पासून चोवीस तास धावत आली आणि तिथल्या कित्येक खाणावळी मध्यरात्रीही अंडी-कॉफी देतात. न्यूयॉर्कची रात्र म्हणजे लांबवलेली संध्याकाळ. चेन्नईची रात्र म्हणजे अलीकडे ओढलेली पहाट.

याची मुळे शहराच्या दिनक्रमात आहेत. इडली-पोंगल देणारी हॉटेले सकाळी सहाला उघडतात, म्हणजे त्यांच्या भट्ट्या चारला पेटाव्या लागतात. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिरासारख्या मोठ्या देवळांची दारे पहाटेच उघडतात. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, ती वेळ आणखी अलीकडे येते. तमिळ लग्नांचे मुहूर्त बहुधा सकाळचे असल्यामुळे कार्यालयाच्या मुदपाकखान्यात रात्री दोनलाच भाजी चिरायला घेतात. शिवाय हवा आहेच. मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो, आणि अशा उन्हात पालेभाजी दोन तासही तग धरत नाही. शहरात अवजड वाहनांवर दिवसा निर्बंध असतात, त्यामुळे मालाच्या ट्रकना रात्रीच आत शिरावे लागते.

या सगळ्या कामाचे केंद्र म्हणजे कोयंबेडूचा घाऊक बाजार. पूर्वी हा व्यापार जॉर्ज टाउनमधल्या कोत्तवाल चावडीत चाले. नावातले ‘कोतवाल’ आणि ‘चावडी’ हे दोन्ही शब्द मराठी वाचकाला परके नाहीत. बंदराजवळच्या त्या अरुंद गल्ल्यांत ट्रक मावेनासे झाले, तेव्हा चेन्नई महानगर विकास प्राधिकरणाने शहराच्या पश्चिमेला नवा बाजार बांधला आणि १९९६ मध्ये व्यापार तिकडे हलवला. संपूर्ण संकुलाची जागा २९५ एकर आहे आणि भाजी, फळे व फुले यांच्या वेगवेगळ्या आवारांत मिळून तीन हजारांहून अधिक गाळे आहेत. मुंबईचा घाऊक बाजार वाशीला गेला तसेच हे स्थलांतर होते. फरक इतकाच, की पुढे शहर पश्चिमेकडे पसरत गेले आणि कोयंबेडू शहराच्या पोटात आले.

बाजाराचा दिवस रात्री नऊ-दहाला सुरू होतो. आधी पोहोचतात ते लांबून आलेले ट्रक. त्यांत महाराष्ट्राचा कांदा असतो. चेन्नईच्या बाजारात तो ‘नासिक वेंगायम’ या नावानेच ओळखला जातो आणि तेराशे-चौदाशे किलोमीटर तोडून आलेला असतो. टोमॅटो आंध्रातल्या मदनपल्लेहून, कर्नाटकातल्या कोलारहून आणि तमिळनाडूच्याच कृष्णगिरीहून येतो. गाजर-बीट निलगिरीहून आणि मालूर भागातून. सांबारात पडणारा छोटा कांदा, केळीची पाने आणि शेवगा दक्षिणेकडून येतो. जितका माल नाजूक तितकी त्याची गाडी उशिरा येते. बटाटा संध्याकाळी आला तरी चालतो, पण जवळच्या खेड्यांतली पालेभाजी मध्यरात्रीनंतर उतरते, म्हणजे विक्रीच्या वेळी पाने ताठ राहतात.

ट्रक फलाटाला लागला की हमालांची टोळी ताबा घेते. एकजण वर चढून लोखंडी आकडीने गोणीचा कान ओढतो आणि ती ट्रकच्या कडेला उभी करतो. खालचा हमाल पाठ करून उभा राहतो, गुडघ्यात किंचित वाकतो आणि गोणी मानेच्या खाली, दोन्ही खांद्यांवर घेतो. डोक्यावर न्यायचा माल असेल तर खांद्यावरच्या टॉवेलची चुंबळ होते. वाट ओली असते, कोबीच्या पानांनी निसरडी झालेली असते, म्हणून पावले छोटी आणि जलद पडतात. थबकले की तोल जातो. पुढच्याला बाजूला करण्यासाठी ‘वळि, वळि’ अशी हाळी सतत चालू असते. तमिळमध्ये वळि म्हणजे वाट. मजुरी नगावर मिळते, त्यामुळे ट्रक जितका लवकर रिकामा होईल तितका पुढचा ट्रक टोळीच्या हाती लागतो.

गाळ्यावर माल आला की निवड सुरू होते. टोमॅटोचा क्रेट साधारण १४-१५ किलोंचा असतो. घट्ट, पिवळसर छटेची फळे लांबच्या गिऱ्हाइकासाठी वेगळी ठेवतात, पूर्ण लाल झालेली त्याच सकाळच्या हॉटेलांसाठी, आणि फुटलेली एका टोपलीत बाजूला पडतात. अडत्या हा माल बहुधा शेतकऱ्याच्या किंवा बाहेरगावच्या व्यापाऱ्याच्या वतीने विकतो आणि आपली अडत कापून उरलेल्या रकमेची पट्टी करतो. पहिला भाव आदल्या दिवशीच्या शिलकेवर आणि त्या रात्रीच्या आवकेवर ठरतो. किती गाड्या उतरल्या, किती वाटेत आहेत, हे फोनवर तासातासाला कळत असते. पावसाने एखादा रस्ता बंद झाला, तर बाराच्या आतच भाव चढलेला दिसतो.

किरकोळ विक्रेते दोनपासून येऊ लागतात आणि चारला गर्दी ऐन भरात असते. तीन वाजता येणारा निवडक माल घेतो आणि जास्त पैसे मोजतो. सातला येणाऱ्याला उरलेला माल स्वस्तात मिळतो. म्हणून मोठ्या हॉटेलांची आणि लग्नाच्या कंत्राटदारांची माणसे लवकर येतात, तर हातगाडीवाले थोडे थांबून घासाघीस करतात. खरेदी झालेला माल चारचाकी छोट्या टेंपोंत भरतात. महाराष्ट्रात ज्या टाटा एसला ‘छोटा हत्ती’ म्हणतात, तिला इथे ‘कुट्टी यानै’ म्हणतात, अर्थ तोच. एका गाडीत तीन-चार दुकानदारांचा माल असतो आणि भाडे वाटून घेतात. शेवटी उतरणाऱ्याचा माल तळाशी जातो, त्यामुळे गाडी कोणत्या क्रमाने फिरणार हे भरतानाच ठरलेले असते.

फुलबाजाराचे वेळापत्रक याहून काटेकोर आहे. मदुराई मल्लीला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिचे मोल कळीत आहे. कळी उजाडण्यापूर्वी खुडतात आणि संध्याकाळी ती उमलते. उमललेले फूल गजऱ्याच्या कामाचे राहत नाही. मोगरा, कनकांबर म्हणजे अबोली, होसूरकडचे गुलाब, झेंडू, तुळस आणि मरवा हे सगळे पोत्यांत आणि टोपल्यांत रात्रीतून कोयंबेडूला पोहोचते. घाऊक व्यवहार किलोने होतो. तेच फूल देवळासमोर बसलेल्या बाईकडे गेले की मोजमाप बदलते: तिथे माळ ‘मुळम्’वर विकतात, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात. दोन-दोन कळ्या विरुद्ध दिशेला तोंडे करून ठेवायच्या, केळीच्या सोपटाच्या ओल्या दोऱ्याचा एक फास टाकायचा आणि पुढची जोडी घ्यायची. सराईत बोटांकडे पाहिले तर गाठ कधी बसली ते दिसत नाही. मुहूर्ताच्या दिवसांत मल्लीचा भाव कित्येक पटींनी चढतो आणि दुसऱ्याच दिवशी खाली येतो.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, रोयापुरमजवळच्या कासिमेडू मासेमारी बंदरात, रात्री दोननंतर लिलाव सुरू होतो. समुद्रावरून परतलेल्या बोटींतले मासे टोपल्यांतून धक्क्यावर उतरतात आणि जातीनुसार ढीग लागतात. वंजरम म्हणजे सुरमई आणि वव्वाल म्हणजे पापलेट यांचे ढीग आधी उठतात. लिलाव करणारा आकडा ओरडत चढवतो, आणि घेणाऱ्यांत पाट्या घेऊन आलेल्या कोळिणींची संख्या मोठी असते. उजाडायच्या आत बर्फात भरलेला मासा वस्त्यांतल्या बाजारांकडे निघतो. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. त्या दिवसांत धक्क्यावरची रात्र ओसरते आणि मासा इतर राज्यांतून मागवावा लागतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ही बंदी जून-जुलैत येते.

दूध याच सुमारास निघते. ‘आविन’ या सहकारी महासंघाच्या अंबत्तूर, माधवरम आणि शोळिंगनल्लूर इथल्या डेअऱ्यांतून गाड्या रात्रीच बाहेर पडतात आणि पिशव्यांचे क्रेट वाटप केंद्रांवर टाकत जातात. निळी पिशवी टोन्ड दुधाची, हिरवी स्टँडर्डाइज्डची आणि केशरी सायीच्या दुधाची. काउंटरवर गिऱ्हाईक नावापेक्षा रंगच सांगते. वर्तमानपत्रांचे गठ्ठे तीन-चारला चौकाचौकांत उतरतात. पोरे पदपथावर बसून पुरवण्या आत सारतात आणि सायकलींवर लादतात. दूध आणि वर्तमानपत्र सहाच्या आत दारात यायला हवे, हा अलिखित नियम दोन्ही धंद्यांना सारखाच लागू आहे.

एका धंद्याचे घड्याळ मात्र या पहाटेशी जुळत नाही. दक्षिणेकडे जाणाऱ्या जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, तारमणीला, २००० मध्ये टायडल पार्क सुरू झाले आणि हा रस्ता संगणक कंपन्यांचा पट्टा बनला. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा चेन्नईत उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. अमेरिकेची कामे करणाऱ्या विभागांची पाळी त्यानुसार लागते. तिकडची घड्याळे वर्षातून दोनदा एक तास सरकली की इथल्या कॅबच्या वेळाही सरकतात. या लोकांसाठी रस्त्याच्या कडेला परोट्ट्याचे तवे उशिरापर्यंत तापलेले असतात. कोत्तू परोट्टा करणारा दोन सपाट पात्यांनी तव्यावर परोट्टा, अंडे आणि सालन ठेक्यात तोडत जातो; तो खणखणाट दोन गल्ल्या पलीकडे ऐकू येतो. बारानंतर सायकलवर पिंप बांधून सुक्कू कॉफीवाले फिरतात. सुंठ, धणे आणि ताडगुळाच्या या पेयात बहुधा कॉफी नसतेच, तरी नाव कॉफीचेच टिकले आहे. पहारेकरी, रिक्षावाले आणि गस्तीचे पोलीस ही त्यांची नेहमीची गिऱ्हाइके.

कायदा या रात्रीच्या मागून चालत आला. कारखाने अधिनियमाने स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करायला मनाई केली होती. डिसेंबर २००० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले, मात्र सुरक्षिततेच्या अटी घालून. दुकानांबाबतचा आदेश राज्य सरकारने २०१९ मध्ये काढला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेली दुकाने व आस्थापना तीन वर्षे चोवीस तास उघडी ठेवायला त्याने परवानगी दिली. अटी अशा: दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास काम; जादा काम धरून दिवसाला साडेदहा आणि आठवड्याला ५७ तासांची कमाल मर्यादा; पाळीने साप्ताहिक सुट्टी; आणि स्त्रियांना रात्री आठ ते सकाळी सहा या वेळेत लेखी संमतीनेच आणि पुरेशा संरक्षणात काम. २०२२ मध्ये ही परवानगी पुढे वाढवली. महाराष्ट्राने हाच मार्ग २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने घेतला होता, आणि जानेवारी २०२० मध्ये मुंबईत चोवीस तासांच्या योजनेला मंजुरी मिळाली.

आदेशातली दहाची अट चेन्नईच्या रात्रीला नेमकी आडवी येते. औषधांची साखळी दुकाने, सुपरमार्केट आणि मोठी हॉटेले तिच्यात बसतात. रात्री खरोखर चालणारी चहाची टपरी दोन माणसांची असते आणि सायकलवरचा सुक्कू कॉफीवाला एकटाच. ते आदेशाच्या बाहेर राहतात, आणि गस्तीची गाडी येऊन दिवा मालवायला सांगेपर्यंत धंदा करतात. परवानगी असलेल्या दुकानांनाही रात्री बंद करायला लावतात, अशी व्यापारी संघटनांची तक्रार आहे.

ही सगळी साखळी कशावर टांगलेली आहे ते २०२० मध्ये दिसले. कोयंबेडू बाजारातून करोनाचा संसर्ग पसरला आणि हमाल व ट्रकचालकांबरोबर तो कडलूर, विळुप्पुरम, अरियलूर या जिल्ह्यांत पोहोचला. ५ मे रोजी बाजार बंद झाला. त्याच आठवड्यात, ६ मेपासून, न्यूयॉर्कची भुयारी रेल्वेही रात्रीची बंद झाली. रेल्वे थांबली तरी न्यूयॉर्कचा भाजीपाला थांबला नाही. चेन्नईत मात्र भाजीचे भाव लगेच चढले. भाजी तिरुमळिसैला, फळे माधवरमला आणि फुले वानगरमला, अशी बाजाराची तीन ठिकाणी विभागणी करावी लागली. कोयंबेडूतला भाजीबाजार पुन्हा उघडला तो सप्टेंबरअखेर. बाजाराला लागून असलेल्या, २००२ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या बसस्थानकाचीही रात्र नंतर पातळ झाली. ३० डिसेंबर २०२३ रोजी किळांबाक्कमचे नवे स्थानक सुरू झाले, दक्षिणेकडच्या गाड्या तिकडे गेल्या, आणि त्या प्रवाशांवर चालणाऱ्या इथल्या खानावळींचे गिऱ्हाईक तुटले.

सकाळी आठनंतर कोयंबेडूत मालापेक्षा कचरा जास्त दिसतो. कोबीची बाहेरची पाने, केळीच्या घडांचे दांडे, ट्रकमध्ये अंथरलेला पेंढा आणि न विकलेला टोमॅटो मिळून रोज शंभराहून अधिक टन कचरा निघतो. त्यापासून बायोगॅस करण्यासाठी उभारलेल्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला ३० टनांची; उरलेला गाड्यांतून शहराबाहेर जातो. बायका त्या ढिगांतून धड असलेली भाजी निवडून फाटकाबाहेर वाटे लावून विकतात. नऊपर्यंत अडत्यांचे हिशेब लागतात आणि शेतकऱ्यांना भाव कळवला जातो. त्या भावावर संध्याकाळी किती गाड्या भरायच्या ते ठरते. हमाल गाळ्यातच, रिकाम्या गोण्यांच्या थप्पीवर, टॉवेल तोंडावर घेऊन झोपतात.