रणधुमाळीतील फौजदारी

युक्रेनच्या पश्चिमेकडील इवानो-फ्रँकिव्स्क येथील वीजवितरण कार्यालयात २३ डिसेंबर २०१५ रोजी दुपारी, कोणाचाही हात लागलेला नसताना, पडद्यावरील माउसचा बाण सरकू लागला आणि कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत एकामागून एक उपकेंद्रे बंद करीत सुटला. कित्येक महिन्यांपूर्वी ईमेलच्या जोडपत्रातून शिरलेल्या आगंतुकांनी त्या दिवशी तीन कंपन्यांच्या सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज तोडली; खटके हाताने चढविण्याची जुनी सोय शाबूत होती, म्हणूनच काही तासांत ती परतली. युक्रेनच्या सायबर पोलिसांचे खाते तेव्हा नुकतेच, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, स्थापन झाले होते.

२७ जून २०१७ रोजी करविवरणाच्या ‘एम.ई.डॉक’ या तेथे सर्वत्र प्रचलित सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम फैलावला. त्याने खंडणी मागितली खरी. परंतु ती भरूनही दप्तर परत मिळण्याची तजवीजच त्यात नव्हती, आणि म्हणून त्याला खंडणीखोर न म्हणता खंडणीखोराच्या वेषातील शत्रू म्हणणेच यथार्थ होय. चेर्नोबिलचे किरणोत्सर्गमापन हाताने करावे लागले, आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे कामही ठप्प झाले. या कृत्यांबद्दल अमेरिकेने २०२० साली रशियन लष्करी गुप्तवार्ता खात्याच्या सहा अधिकाऱ्यांविरुद्ध आरोपपत्र दाखल केले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचे उघड आक्रमण झाले. शासकीय दप्तर परदेशी सर्व्हरवर ठेवण्याची मुभा देणारा कायदा त्यापूर्वी आठवडाभरच संमत झाला होता. मार्चमध्ये, लष्करी अंमलाच्या काळातील सायबर गुन्ह्यांची शिक्षा १५ वर्षांच्या कैदेपर्यंत वाढविण्यात आली. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये ‘कीव्हस्टार’ या दूरध्वनी कंपनीच्या सुमारे २.४ कोटी ग्राहकांचे फोन मुके झाले, आणि आगंतुक निदान मे महिन्यापासून आत वावरत होते, हे मागाहून उघड झाले. इतके दिवस सुगावा न लागणे ही गंभीर हयगयच होय.

तथापि या साऱ्या काळात मला सर्वांत आदरणीय वाटते ते पोलिसांचे नित्याचे तपासकार्य. युरोपीय संघाकडून अर्थसाहाय्य मिळेल अशी बतावणी करणारी ४०० हून अधिक बनावट संकेतस्थळे एका टोळीने २०२२ साली थाटली होती. युद्धाने नाडलेला मनुष्य आशेने तेथे आपल्या बँकेचा तपशील भरी, आणि त्याचे खाते रिकामे होई. ५,००० हून अधिक लोकांचे दहा कोटी ह्रिव्निया असे लुबाडणाऱ्यांना पोलिसांनी त्याच रणधुमाळीत गजाआड केले. शत्रूच्या क्षेपणास्त्राइतकीच या स्वकीय लुबाडणुकीची चीड यावी, अशी ही नीच करणी होती. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये नॉर्वे, फ्रान्स, जर्मनी व अमेरिकेचे तपासनीस युद्धग्रस्त कीव्हमध्ये दाखल झाले, आणि ७१ देशांतील संस्थांना उपद्रव दिलेल्या खंडणीखोर टोळीसाठी युक्रेनियन पोलिसांसह ३० ठिकाणी झडत्या झाल्या.

असे परस्परसाहाय्य सुकर करणाऱ्या, सायबर गुन्ह्यांविषयीच्या बुडापेस्ट करारात युक्रेन २००६ पासून सामील आहे. न्हावा-शेव्यास झळ सोसलेल्या भारताने त्यापासून दूर राहण्याच्या आपल्या धोरणाचा फेरविचार करावा.