कळा मोजताना वाटही मोजा



“कळा सुरू झाल्यात, पण निघायचे कधी?” सातपुड्यातील पाड्यांवर हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो.

कळ येते तेव्हा पोट दगडासारखे कडक होते आणि थोड्या वेळाने सैल पडते. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचा वेळ म्हणजे दोन कळांमधले अंतर. पहिली थांबल्यापासून मोजू नये. कळ किती वेळ टिकली तेही पाहावे. खोट्या कळा अनियमित असतात. पाणी प्यायल्यावर, कूस बदलल्यावर किंवा थोडे चालल्यावर शमतात. खऱ्या कळा शमत नाहीत. त्या जवळजवळ येऊ लागतात, लांबतात आणि जोर धरतात.

घरात घड्याळ नसले तर आम्ही ज्वारीचे दाणे वापरतो. मोबाईलवर एका तासाचा गजर लावायचा आणि प्रत्येक कळेला वाटीत एक दाणा टाकायचा. तासात ६ दाणे म्हणजे १० मिनिटांनी एक कळ. १२ दाणे म्हणजे ५ मिनिटांनी.

दर ५ मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की पहिलटकरणीने निघावे, असे शहरात सांगतात. हाच नियम मी एकदा तिसऱ्या खेपेच्या बाईला सांगितला. १२ दाणे भरल्यावर आम्ही निघालो. रस्त्यापर्यंत दीड तास बांबूची झोळी, मग घाट. बाळ जीपमध्येच जन्मले. देवाच्या कृपेने दोघे सुखरूप आहेत, पण चूक माझी होती. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बाळंतपण बहुधा लवकर होते, आणि तो नियम दवाखाना जवळ असणाऱ्यांसाठी आहे.

म्हणून आता आम्ही सांगतो : कळा नियमित झाल्या की आशाताईंना कळवा, १०८ला फोन करा आणि निघा. पाणमोट फुटली, रक्त गेले, झटके आले, डोके फार दुखून अंधारी आली, बाळाची हालचाल कमी झाली किंवा दिवस भरण्याआधीच कळा आल्या, तर एकही दाणा मोजू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ माहेरघर असेल, तर तारखेच्या काही दिवस आधीच तिथे येऊन राहणे सर्वांत चांगले.

तुमच्या देणगीतून आमच्या जीपचे डिझेल भरले जाते. या पावसाळ्यात चार बायांचे दिवस भरत आले आहेत. त्यातील दोघींच्या वाटेत नदी आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करा.