वर्तुळाकार चौकात आधी कोणी जावे?

अनेक रस्ते जेथे एकत्र येतात तेथे मध्यभागी एक गोल बेट राखून सर्व वाहनांना त्याभोवती एकाच दिशेने फिरावयास लावायचे, ही कल्पना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात न्यूयॉर्क व पॅरिस या शहरांत प्रत्यक्षात आली. समोरासमोरची टक्कर तिच्यामुळे टळली. परंतु चौकात शिरणारे वाहन आणि आत फिरत असलेले वाहन यांपैकी थांबावयाचे कोणी, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णीतच राहिला.

हा प्रश्न केवळ सौजन्याचा नाही. शिरणाऱ्यास अग्रक्रम दिला, तर आतील वाहने त्याच्यासाठी थांबतात. त्यांच्यामागे वाढणारी रांग इतर रस्त्यांकडे बाहेर पडण्याच्या वाटा अडविते. बाहेर पडणे थांबले तरी शिरणे चालूच राहते आणि अखेरीस सारा चौक ठप्प होतो. आतील वाहनास अग्रक्रम मिळाल्यास मात्र चौक आपोआप मोकळा होत राहतो. ब्रिटनने नोव्हेंबर १९६६ मध्ये हाच नियम स्वीकारला.

घोटाळ्याचे मूळ ‘उजवीकडून येणाऱ्यास वाट द्या’ या वचनात आहे. ब्रिटन व भारत या देशांत वाहने डाव्या बाजूने चालतात. म्हणून चौकातील वाहन शिरणाऱ्याच्या उजवीकडूनच येते आणि हे वचन त्याचे रक्षण करते. फ्रान्समध्ये वाहने उजव्या बाजूने चालतात. तेथे उजवीकडून येणारा असतो तो नव्याने शिरणारा! शब्द तेच, परिणाम उलटा. तेथे १९८४ पासून प्रवेशापाशी विशिष्ट फलक असलेल्या चौकांत आतील वाहनास अग्रक्रम देण्यात आला. पॅरिसच्या बारा रस्त्यांच्या एत्वाल चौकात मात्र जुनीच रीत चालू आहे.

भारतात १९८९ चे नियम २०१७ पर्यंत लागू होते. ज्या रस्त्यावर प्रवेश करावयाचा तो मुख्य रस्ता म्हणून घोषित असेल, तर त्यावरील वाहनांना वाट द्यावी. एरव्ही उजवीकडून येणाऱ्यांना द्यावी, असे त्यांत सांगितले होते. रुंद रस्त्याने येणारा चालक यातील पहिला भाग स्वतःस लावून घेतो. परंतु तेथे विचार होता तो प्रवेश करावयाच्या रस्त्याचा. चालक ज्या रस्त्याने आला त्याचा नव्हे. तेव्हा रस्ता कितीही मोठा असो, चौकाच्या तोंडाशी वेग कमी करून उजवीकडे पाहावे व आतील वाहनास प्रथम जाऊ द्यावे, हेच इष्ट होय.